बसतो, पण चालतो का? (संगणकाचा भाग बदलण्यापूर्वी मदरबोर्डची पारख)

गोष्ट २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील आहे. आमच्या वस्तीतील, पदविका अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक विद्यार्थी रात्री नऊच्या सुमारास आपला संगणक दोन्ही हातांनी उराशी धरून माझ्याकडे आला. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण त्याने काढलेलेच होते. "काका, नवा प्रोसेसर टाकला आणि कॉम्प्युटर मेला," एवढेच तो बोलला. बटण दाबून पाहिले. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पडद्यावर मात्र काहीच उमटत नव्हते. खिशातून त्याने जुना प्रोसेसर काढून दिला. तो परत बसविताच संगणक पूर्ववत सुरू झाला. म्हणजे मेले काहीच नव्हते. नवा म्हणून आणलेला, खरे तर कोणाचा तरी वापरलेला प्रोसेसरही निर्दोष होता. दोघांचे जुळत नव्हते, इतकेच. पण त्यासाठी त्याने साडेतीन हजार रुपये मोजले होते, आणि ते पैसे सकाळी पेपर टाकून साठविलेले होते.

त्याने आंधळेपणाने खरेदी केली नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटींप्रमाणे इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. या मुलाजवळ होता सहाव्या पिढीतील पेन्टियम जी४४००. त्याचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर जेथे बसतो ती बैठक, एलजीए ११५१ या नावाचा. आठव्या पिढीतील आय३-८१०० या प्रोसेसरचा सॉकेटही एलजीए ११५१. त्याने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले. दुकानदारानेही "सेम सॉकेट आहे, बिनधास्त टाक" असे सांगितले. घरी आणून बसविला तर प्रोसेसर अगदी अलगद, खाचेला खाच मिळून बसला. चालला मात्र नाही.

अशी फसगत होणारा तो एकटा नाही. घरातील जुना संगणक फेकून न देता त्यातील एखादा भाग बदलून आणखी चार-पाच वर्षे तो वापरणे, हा शहाणपणाचाच मार्ग आहे. परंतु भाग बसतो याचा अर्थ तो चालतो असा नव्हे. तो चालेल की नाही हे मदरबोर्ड ठरवितो, आणि दुकानात जाण्यापूर्वी मदरबोर्डला कोणी विचारीत नाही. तो कसा विचारावा, हे सभासद बंधू-भगिनींना व विशेषतः विद्यार्थ्यांना सांगावे म्हणून हा लेख.

आकडा तोच, तारा वेगळ्या

११५१ हा आकडा फक्त प्रोसेसर व बोर्ड यांच्यातील संपर्कबिंदू किती, एवढेच सांगतो. कोणत्या बिंदूतून काय वाहते हे तो सांगत नाही. इंटेलने २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर हा सॉकेट आणला. २०१७ च्या आरंभी आलेली सातवी पिढीही त्याच बोर्डांवर चालली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली तेव्हा कंपनीने बिंदूंची संख्या ११५१ च ठेवली, पण त्यांची वाटणी बदलली. वीज पुरविणारे बिंदू १२८ होते ते १४६ झाले, अर्थिंगचे ३७७ होते ते ३९१ झाले, आणि राखीव ठेवलेले ४६ वरून २५ वर आले. आठव्या पिढीत सहा गाभ्यांचे प्रोसेसर यायचे होते व त्यांना अधिक वीज लागणार होती, असे कारण देण्यात आले. भिंतीवरचा प्लग तोच, पण मागच्या तारा निराळ्या जोडलेल्या, असा हा प्रकार आहे.

आता आय३-८१०० ला गाभे चारच आहेत. काही हौशी तंत्रज्ञांनी बोर्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून व काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून असे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखविले आहेत. तेव्हा ही अडचण सर्वस्वी विजेचीच होती की थोडी व्यापाराचीही होती, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण ज्याच्या घरी एकच संगणक आहे आणि ज्याला सोमवारी कॉलेजात काम सादर करायचे आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

येथे चिपसेट हा शब्द समजून घ्यावा लागतो. मदरबोर्डवर प्रोसेसरखेरीज आणखी एक मोठी चिप असते. डिस्क, यूएसबी, आवाज, नेटवर्क अशा साऱ्या कारभाराची व्यवस्था ती पाहते. बोर्डाच्या नावात बहुधा तिचेच नाव असते, उदाहरणार्थ एच११०, बी२५०, एच३१०, बी३६५. इंटेलच्या ११५१ सॉकेटपुरते बोलायचे तर शंभर व दोनशेच्या मालिकेतील बोर्ड सहाव्या व सातव्या पिढीसाठी आणि तीनशेच्या मालिकेतील बोर्ड आठव्या व नवव्या पिढीसाठी आहेत. आपल्या विद्यार्थ्याचा बोर्ड होता एच११०. एवढे एक नाव त्याने दुकानात जाण्यापूर्वी वाचले असते, तर पुढचा सारा त्रास वाचला असता.

नाव कसे शोधावे? विंडोज चालू असेल तर शोधाच्या चौकटीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' असे इंग्रजीत टाइप करावे. उघडलेल्या यादीत 'बेसबोर्ड' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये बोर्डाचा निर्माता व मॉडेल मिळते. त्याच पानावर बायोसची आवृत्ती व तारीखही असते, तीही लिहून घ्यावी. सीपीयू-झेड नावाचा छोटा विनामूल्य प्रोग्राम हीच माहिती अधिक नीटसपणे दाखवितो. संगणक बंद पडलेला असेल तर कॅबिनेट उघडून बोर्डावरच पाहावे. मॉडेलचे नाव बहुधा स्लॉटांच्या मधल्या जागेत ठळक छापलेले असते व एखाद्या कोपऱ्यात 'रेव्ह' असे लिहून पुढे आवृत्तीचा आकडा असतो. हा आकडा क्षुल्लक समजू नये. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांचे बायोस वेगळे असू शकतात. मोबाइलने फोटो काढून ठेवणे सर्वांत उत्तम.

मग त्या बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ते मॉडेल काढावे. तेथे आधार विभागात चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी दिलेली असते. आपल्याला हवा असलेला प्रोसेसर त्या यादीत नसेल तर विषय तेथेच संपला. दुकानदार काय म्हणतो, मित्राच्या घरी काय चालले, यांपैकी कशालाही अर्थ राहत नाही. यादीत असेल तर त्याच ओळीतील शेवटचा रकाना जरूर वाचावा. कोणत्या बायोस आवृत्तीपासून हा प्रोसेसर चालतो, ते तेथे लिहिलेले असते. बहुतेक लोक येथेच घसरतात.

बायोस आधी, प्रोसेसर नंतर

बायोस म्हणजे बोर्डावरील एका लहान चिपमध्ये साठविलेला प्रोग्राम. बटण दाबताच सर्वांत आधी तो जागा होतो आणि समोरच्या प्रोसेसरची ओळख पटवून घेतो. बोर्ड तयार झाला त्या दिवशी जो प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता, त्याची ओळख त्याला कशी असणार? २०१५-१६ साली विकल्या गेलेल्या एच११० बोर्डावर सातव्या पिढीतील आय५-७५०० चालतो, पण बायोस अद्ययावत केल्यानंतरच. आणि बायोस अद्ययावत करण्यासाठी सर्वसाधारण बोर्डावर चालता प्रोसेसर लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलावा, संगणक एकदा बंद-चालू करून नवी आवृत्ती दिसते याची खात्री करावी, आणि मगच जुना प्रोसेसर काढावा. जुना आधी विकून टाकला आणि नवा घेऊन बसलो, अशी मंडळी मी पाहिली आहेत. काही महागड्या बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते, पण स्वस्त बोर्डांवर ती क्वचितच आढळते.

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. २०१७ साली पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली रायझन ५००० मालिकाही त्याच सॉकेटवर आली. इतकी वर्षे एकच सॉकेट टिकला म्हणून ग्राहकांना आनंद झाला. पण मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की येऊ घातलेले हे प्रोसेसर फक्त पाचशे मालिकेच्या नव्या बोर्डांवर चालतील. ग्राहकांनी ओरड केली तेव्हा त्याच महिन्यात चारशे मालिकेलाही परवानगी मिळाली, आणि ए३२०, बी३५० अशा तीनशे मालिकेच्या पहिल्या बोर्डांना तर २०२२ साल उजाडावे लागले. कंपनीने पुढे केलेले एक कारण अगदी साधे होते. अनेक बोर्डांवर बायोसची चिप केवळ १६ मेगाबाइटची होती, आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नव्हती. त्यामुळे काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून टाकण्यात आली. अशा बोर्डावर नवा बायोस भरला की जुना प्रोसेसर चालत नाही, परतीची वाट बंद. म्हणून बायोस उतरवून घेण्यापूर्वी त्याच्याखालची बारीक अक्षरांतील टीप वाचावी.

बायोस भरताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असलेल्या ठिकाणीच हे काम करावे. पावसाळ्यात ढग दाटले असतील तर दुसऱ्या दिवशी करावे. आणि संगणक नीट चालत असेल, नवा भाग टाकायचा नसेल, तर निव्वळ हौसेखातर बायोसला हात लावू नये, असे माझे मत आहे.

यादीत नाव आहे, बायोस नवा आहे, तरी पडदा काळा, असेही होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय३-९१००एफ किंवा आय५-९४००एफ, त्यांच्यात चित्र दाखविणारा भाग वापरता येत नाही. जुन्या बाजारात ते थोडे स्वस्त मिळतात म्हणून घेतले जातात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डावरील एचडीएमआयच्या छिद्रात केबल लावूनही उपयोग नाही. एएम४ च्या रायझनमध्ये उलट आहे. तेथे नावात जी असेल तरच चित्र मिळते. रायझन ५ ३६०० हा उत्तम प्रोसेसर आहे, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय तो मुका आहे. बोर्डावर छिद्र आहे म्हणजे त्यातून चित्र येईल असे समजू नये.

मेमरी, डिस्क आणि वीज

रॅमच्या बाबतीत निसर्गाने थोडी कृपा केली आहे असे म्हणावे लागेल. डीडीआर३ च्या पट्टीला २४० बिंदू असतात, तर डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंना २८८. पण प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे. मात्र एकच चिपसेट दोन प्रकारच्या मेमरीसाठी वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. एच११० चे बरेचसे बोर्ड डीडीआर४ चे असले तरी काही डीडीआर३ चेही निघाले. २०२१ साली आलेल्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्डही काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे आहेत. एएमडीचा एएम५ व इंटेलचा २०२४ मधील एलजीए १८५१ हे दोन्ही सॉकेट फक्त डीडीआर५ चे. तेथे जुनी रॅम सोबत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून प्रोसेसर व बोर्ड दोन्ही बदलायचे ठरविले तर रॅमचा खर्च धरूनच हिशेब करावा. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि ज्यांनी हा हिशेब धरला नव्हता त्यांची चांगलीच पंचाईत झाली.

वेगाची चिंता त्यामानाने कमी. ३२०० वेगाची डीडीआर४ पट्टी २४०० पर्यंतच झेपणाऱ्या संगणकात घातली तर ती बहुधा निमूटपणे २४०० ने चालते. दोन वेगवेगळ्या पट्ट्या शेजारी घातल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या चालीने चालतात. खरा सापळा दुसराच आहे. जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेली रॅम ढिगाने येते, आणि ती मोहात पाडण्याइतकी स्वस्त असते. तिच्यावरील चिठ्ठीत 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडीआयएमएम' असा उल्लेख असतो. डीडीआर४ ची ही रॅम घरगुती बोर्डाच्या स्लॉटमध्ये छान बसते, पण तिच्यावर संगणक सुरू होत नाही. बसतो पण चालत नाही, याचे हे दुसरे उदाहरण.

तिसरे उदाहरण एम.२ डिस्कचे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी ही डिस्क दोन जातींची असते. एक आतून साटाच्या भाषेत बोलते, दुसरी एनव्हीएमईच्या. बोर्डावरील छिद्र कोणती भाषा जाणते, हे केवळ पाहून कळत नाही. काही छिद्रांना दोन्ही येतात, काहींना एकच. साटाची एम.२ डिस्क एनव्हीएमईच्या छिद्रात स्क्रू लावून बसविता येते आणि संगणकाला ती दिसतच नाही. शिवाय बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरले की नेहमीच्या साटा जोडण्यांपैकी एखादी आपोआप बंद होते, आणि चांगली चालणारी हार्ड डिस्क गायब झाली म्हणून घबराट उडते. हे सारे बोर्डाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ज्याला या भानगडीत पडायचे नाही त्याने सरळ अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बोर्डावरही ती चालते.

खरे सांगायचे तर पुष्कळदा प्रोसेसर बदलण्याची गरजच नसते. संगणक मंद वाटतो तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नेहमीचे काम करीत असताना आकडे पाहावेत. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल तर एसएसडी घ्यावी. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी. प्रोसेसर सतत शंभरावर असेल तरच प्रोसेसरचा विचार. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ संगणकांचे दुखणे एसएसडीने बरे होते.

विजेच्या पेटीकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, लोक सर्वांत कमी लक्ष देतात. प्रोसेसरजवळील चार किंवा आठ पिनांची जोडणी आपल्या एसएमपीएसमधून येते का, ते पाहावे. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसायला तशीच असते, पण तिच्यात बारा व्होल्ट व अर्थिंग यांच्या जागा उलट असतात. चौकोनांचा आकार जुळत नाही तो त्यासाठीच. तेथे अंगठ्याचा जोर दाखविणाऱ्यांनी बोर्ड जाळल्याची उदाहरणे आहेत. मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला वेगळी जोडणी हवीच. ग्राफिक्स कार्डाविषयी आणखी एकच सांगतो. काही स्वस्त कार्डे स्लॉटच्या सोळा वाहिन्यांपैकी चारच वापरतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड तसे आहे, आणि पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर त्याला निम्मीच वाट मिळते. म्हणजे जुना संगणक वापरणाऱ्या गरजूंना परवडणारे कार्ड नेमके जुन्या संगणकावर लंगडे पडते.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, मोठ्या ब्रँडचे जुने संगणक हल्ली पुष्कळ विकले जातात. जसेच्या तसे वापरायला ते चांगले असतात. पण त्यांतील बोर्डाचा आकार, एसएमपीएसची जोडणी, पुढच्या बटणाची वायर, इतकेच काय पंख्याची पिनही पुष्कळदा त्या ब्रँडपुरतीच असते. बाजारातील साधा एसएमपीएस त्यांना लागत नाही. असा संगणक घ्यायचा तर रॅम व डिस्क एवढेच बदलता येईल, असे गृहीत धरून घ्यावा.

दुकानात

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा, बाजार आहे. तेथे किंवा आपल्या गावच्या दुकानात जाताना बोर्डाचा फोटो, बायोसची आवृत्ती आणि यादीतील ती ओळ, एवढे सोबत न्यावे. वापरलेला बोर्ड घेत असाल तर मोबाइलचा दिवा तिरपा धरून सॉकेट पाहावा. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, आणि एखादी पिन वाकलेली असेल तर उजेडाच्या रेषेत ती लगेच वेगळी दिसते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तेथे कूलर ओढून काढताना वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. त्यावर उपाय म्हणजे संगणक थोडा वेळ चालवून, बंद करून, कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवत काढावा.

पावतीबाबत भीड धरू नये. "अमुक मॉडेलच्या बोर्डासाठी विकला, न चालल्यास सात दिवसांत बदलून देऊ" एवढी एक ओळ लिहून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि पावतीवर मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. पण आपल्या विद्यार्थ्याची अडचण अशी होती की माल सदोष नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर त्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्यासमोर तो प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालवून दाखविला. "दादा, माल चालू आहे. तुमच्या बोर्डावर चालत नाही त्याला मी काय करू?" त्याच्या म्हणण्यात चूक काढता आली नाही. सॉकेट सेम आहे, हे तो आदल्या दिवशी बोलला होता ते फक्त तोंडी होते.

परतताना त्या मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. घरी येऊन आम्ही वही घेतली आणि उलटा विचार केला. प्रोसेसर परत जात नाही, तर मग तोच धरून बाकीचे जुळते का पाहावे. आय३-८१०० ला एच३१० चा बोर्ड चालतो, आणि तो प्रोसेसर त्या बोर्डांच्या पहिल्या बायोसपासूनच चालतो, म्हणजे बायोसची कटकट नाही. त्याची रॅम डीडीआर४ ची असल्याने ती सोबत नेता येणार होती. कूलरची छिद्रे दोन्ही बोर्डांवर सारखीच. एसएमपीएसमध्ये प्रोसेसरची जोडणी होती. कॅबिनेटही तेच. लागणार होता फक्त एक वापरलेला बोर्ड, आणि हार्ड डिस्कच्या जागी एक लहान साटा एसएसडी. दोन महिने थांबून त्याने ते पैसे जमविले. या वेळी बोर्डाचा फोटो त्याने आधी मला पाठविला, मग यादीतील ओळ पाठविली, आणि पावतीवर एक वाक्य लिहून घेतले.

बोर्ड बसविल्यावर बायोसमध्ये जाऊन इंटेलचे पीटीटी चालू केले, कारण विंडोज ११ ला जे टीपीएम २.० लागते ते या बोर्डांवर त्या नावाने मिळते आणि पुष्कळदा बंद ठेवलेले असते. सिक्युअर बूटची सोय आहे याची खात्री केली. मग एसएसडीवर नव्याने विंडोज भरले. सगळे मिळून एक संध्याकाळ लागली.

जुना एच११० बोर्ड व पेन्टियम जी४४०० त्याने विकले नाहीत. नववीतील एका मुलीसाठी त्या दोहोंवर लिनक्स घालून दुसरा संगणक उभा करायचे त्याच्या मनात आहे. फक्त रॅमची एक पट्टी मिळायची राहिली आहे. तोवर बोर्ड त्याच्या घरी माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, आणि खोक्यावर त्याने चिकटपट्टी लावून लिहिले आहे: एच११०, सहावी-सातवी पिढी, डीडीआर४, सातव्या पिढीसाठी बायोस आधी.